डिचपल्लीचा दवाखाना

धर्माबादहून गाडी निघते. बासर येते, मग गाडी गोदावरी ओलांडते, निजामाबाद येते, पुढे डिचपल्ली. आज वाटेत राज्याची सीमा लागते, पण शंभर वर्षांपूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. या डिचपल्लीत कुष्ठरोग्यांसाठी एक रुग्णालय उभे राहिले. त्याची आठवण आपणही ठेवायला हवी.

या रोगाला आपल्याकडे नावे अनेक. कुणी महारोग म्हणे, कुणी रक्तपिती, उर्दूत जुजाम. नाव कोणतेही असो, बोटे झडू लागली की घराचे दार बंद होई. हा रोग जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये दाखवले होते. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानात 1898 मध्ये कायदा आला तो भिक्षा मागणाऱ्या रोग्यांना पकडून कोंडण्याचा. आश्रम होते, पण बरे होऊन परत जाण्याची वाट नव्हती.

स्कॉटलंडच्या डॉ. इझाबेल कर 1907 मध्ये पतीसह मिशनच्या कामासाठी संस्थानात आल्या. निजामाबाद परिसरात या रोग्यांना औषध देणारे कुणी नाही, हे त्यांनी पाहिले. राजा नरसा गौड या हिंदू दानशूराने पैसा दिला आणि 1915 मध्ये डिचपल्लीचे रुग्णालय सुरू झाले. राज्य मुसलमान निजामाचे, डॉक्टर ख्रिस्ती, दाता हिंदू. दुखण्याने जात-धर्म विचारला नव्हता, उपचारानेही विचारला नाही.

औषध तरी कोणते? आपल्या कोकणात, सह्याद्रीत वाढणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल. तिच्याच जातकुळीतल्या तुवरकाचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. कलकत्त्यात रॉजर्स आणि म्यूर या डॉक्टरांनी अशा तेलाच्या सुया देण्याच्या पद्धती विकसित केल्या, डॉ. कर यांनी त्या उपचाराचा अवलंब केला. सुई दुखे, उपचार लांबत आणि गुण सर्वांना येत नसे. पण म्यूर यांचा आग्रह महत्त्वाचा होता. रोग्याला कोंडू नका, लवकर शोधा, बाह्यरुग्ण म्हणून तपासा आणि औषध द्या. 'कैदी' आता 'रुग्ण' होऊ लागला.

डॉ. कर 1932 मध्ये वारल्या. पुढे डॅप्सोन आले आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. 1898 चा तो कायदा मात्र रद्द व्हायला 2016 साल उजाडले.

देशपातळीवर 2005 अखेर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले, तरी दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. अंगावरचा बधिर चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस थांबतो. लोक काय म्हणतील म्हणून आणखी थांबतो. तेवढ्यात नसा जातात, बोटे वाकतात. गोळी जंतू मारते, गेलेली बोटे परत देत नाही. म्हणून बधिर चट्टा दिसताच दवाखाना गाठावा, आणि तिथून परतणाऱ्यासाठी घराचे दार उघडे ठेवावे.