गॉली हंगाम

गॉली हंगाम : अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली नदीवर दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुमारे सहा आठवडे चालणारा राफ्टिंग व कयाकिंगचा हंगाम. समर्सव्हिल धरणाचा जलाशय हिवाळ्यापूर्वी खाली करताना जे पाणी सोडावे लागते, त्याच्यावर तो चालतो. पर्यटनविषयक लेखनात हा हंगाम शरदातल्या रंगीत पानांसोबत वर्णिला जातो आणि ऑक्टोबरच्या मध्याला ॲपलेशियन डोंगरातली झाडे खरोखरच लाल-पिवळी होतात. परंतु पाऊस किंवा नदीचे स्वतःचे वार्षिक चक्र यांच्याशी या हंगामाचे काही नाते नाही. उलट शरद हा त्या भागातल्या नद्यांचा सर्वांत रोडावलेला काळ असतो. हा हंगाम धरणाच्या वेळापत्रकातून निर्माण झाला आणि कायद्यामुळे टिकला. त्याची नोंद निसर्गाच्या नव्हे तर जलव्यवस्थापनाच्या इतिहासात व्हायला हवी, असे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे.

नदी आणि धरण : सुमारे 170 किमी. लांबीची गॉली नदी ॲलिगेनी पर्वतात उगम पावून पश्चिमेकडे वाहते आणि गॉली ब्रिज या गावाजवळ न्यू नदीला मिळते. दोघींच्या संगमातून कनॉवा नदी तयार होते व ती पुढे ओहायोला मिळते. धरणाखालच्या सुमारे 45 किमी. अंतरात गॉली 200 मीटरहून अधिक उतरते. वालुकाश्माची अरुंद घळ, घरांएवढे खडक आणि हा उतार यांमुळे या पट्ट्यात शंभरावर रॅपिड, म्हणजे फेसाळत धावणारे खडकाळ टप्पे, तयार झाले आहेत. समर्सव्हिल धरण अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने 1960 ते 1966 या काळात बांधले. सप्टेंबर 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. दगडी भरावाच्या या धरणाची उंची 390 फूट असून त्याच्या पाण्याखाली गॅड ही वस्ती गेली. धरणाचे मूळ हेतू दोन : ओहायो-कनॉवा खोऱ्यातले पूर अडवणे, आणि कोरड्या महिन्यांत खालच्या कनॉवा नदीत किमान प्रवाह राखणे. कनॉवाच्या काठी रासायनिक कारखान्यांची रांग असल्याने दुसरा हेतू पहिल्याइतकाच व्यवहारी होता. नौकाक्रीडा या यादीत नव्हती.

विसर्गाचे गणित : उन्हाळाभर जलाशय भरलेला ठेवतात, हिवाळी आणि वसंतातले पूर सामावून घेण्यासाठी तो शरदात सुमारे 75 फुटांनी उतरवावा लागतो. हे पाणी कधीतरी सोडावेच लागणार, पण ते कसे सोडायचे याला अनेक पर्याय आहेत, आणि हंगामाचा सारा प्रश्न या ‘कसे’मध्ये आहे. रूढ वेळापत्रकानुसार सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारा कामगार दिन उलटला की पुढच्या शुक्रवारपासून विसर्ग सुरू होतो. पहिले पाच आठवडे शुक्रवार ते सोमवार आणि शेवटी एक शनिवार-रविवार, असे साधारण 22 दिवस भरतात. विसर्ग सामान्यतः 2,800 क्युसेक असतो. खडकवासल्यातून मुठेत दहा-वीस हजार क्युसेक सोडल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. मात्र क्युसेकवरून पाण्याचा जोर कळत नाही. तो पात्राची रुंदी आणि उतार यांवर ठरतो. चोवीस तास चाललेल्या 2,800 क्युसेक विसर्गात जेमतेम पाव टीएमसी पाणी जाते, आणि तेवढ्यावर गॉलीच्या घळीत जगभरातून लोक येतील अशा लाटा उठतात.

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा की, जलाशय रिकामा करायचाच असेल तर पाणी आपोआप नदीतूनच जाणार. मग कायद्याला श्रेय कशाला? आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. पण 22 दिवसांचे हेच पाणी, दिवसभराचा विसर्ग धरला तर, दोन महिन्यांत समप्रमाणात वाटल्यास रोज हजारेक क्युसेक भरते. तेवढ्या प्रवाहात कयाकवाल्यांचे भागते, परंतु ज्यासाठी गॉली प्रसिद्ध आहे त्या लाटा तयार होत नाहीत. शिवाय कोणत्या दिवशी किती पाणी असेल हे आधी माहीत नसेल तर दूरच्या राज्यांतून येणारा माणूस रजा टाकू शकत नाही आणि व्यावसायिक गाइड मंडळी सहा महिने आधी आरक्षण घेऊ शकत नाहीत. म्हणजे हंगामाला पाणी लागते त्याहून जास्त त्या पाण्याची हमी लागते. अभियंत्यांच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्याच योग्य आहेत. त्यांतली एक निवडायला त्यांना बांधून घेणारे दुसरे काहीतरी असावे लागते.

नौकानयनाचा इतिहास : धरण होण्यापूर्वी, 1961 साली, सेअर रॉडमन, रे मूर आणि त्यांच्या सोबत्यांनी तराफ्यांतून ही घळ पार केली. 1968 मध्ये जॉन स्वीट आणि इतर काहींनी छोट्या बंदिस्त होड्यांतून ती पार केली. स्वीट्स फॉल्स हा सुमारे चार मीटरचा धबधबा त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी शेजारच्या न्यू नदीवर व्यावसायिक राफ्टिंग सुरू झाले आणि पुढे ते गॉलीवर आले. नदीचे वरची गॉली व खालची गॉली असे दोन भाग मानतात. सहा प्रतींच्या आंतरराष्ट्रीय मापात वरचा भाग पाचव्या प्रतीत मोडतो. त्यात इनसिग्निफिकंट, पिलो रॉक, लॉस्ट पॅडल, आयर्न रिंग आणि स्वीट्स फॉल्स हे पाच मोठे रॅपिड क्रमाने येतात. पिलो रॉकपाशी नदीचा जवळजवळ सगळा प्रवाह थोड्याच अंतरात सात-आठ मीटर कोसळून डावीकडच्या एका अजस्र खडकावर आदळतो. पाणी खडकावर चढून फुगते आणि त्या फुगवट्यावर राफ्ट क्षणभर उभा राहतो; मागे बसलेला गाइड ओरडत असतो आणि पुढचे वल्हेवाले हवेतच वल्ही मारत असतात. प्रेक्षक समोरच्या खडकांवर बसून हे पाहतात. आयर्न रिंगपाशी लाकूडतोडीच्या काळात ओंडके अडकू नयेत म्हणून खडक सुरुंगाने फोडले होते आणि खडकात एक लोखंडी कडी ठोकलेली होती. ती कडी 1980 च्या दशकात चोरीला गेली. रॅपिडचे नाव तेवढे राहिले. गॉलीचा खरा धोका लाटांपेक्षा खालून पोखरलेल्या वालुकाश्मात आहे. पाणी अशा खडकाखालून जाते, माणूस तिथेच अडकतो. पोहता येणे इथे पुरेसे संरक्षण नाही.

कायदा : 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस धरणाचे पाणी बोगद्याने सुमारे 3 मैल खाली नेऊन वीज करण्याची योजना पुढे आली. ती झाली असती तर धरणालगतचा पट्टा कोरडा पडला असता. नौकानयनप्रेमी, राफ्टिंगचे व्यावसायिक आणि स्थानिक नागरिक एकत्र आले व योजना मागे पडली. त्या यशाचा उत्सव म्हणून 1983 मध्ये सुरू झालेला ‘गॉली फेस्ट’ पुढे अमेरिकन व्हाइटवॉटर या संस्थेचा वार्षिक मेळावा बनला. याहून महत्त्वाचे पाऊल 1986 च्या जलसंपदा विकास अधिनियमात पडले. या अधिनियमाने नौकाक्रीडा हा समर्सव्हिल प्रकल्पाचा अधिकृत हेतू ठरवला आणि शरदातल्या सहा आठवड्यांत किमान 20 दिवसांचा विसर्ग बंधनकारक केला. संघीय धरणाच्या बाबतीत असे कलम बहुधा प्रथमच आले. 26 ऑक्टोबर 1988 रोजी नदीचा सुमारे 25 मैलांचा आणि तिला मिळणाऱ्या मेडो नदीचा पाच-सहा मैलांचा भाग ‘गॉली नदी राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र’ म्हणून घोषित झाला. या दोन कायद्यांत दुसऱ्याची प्रसिद्धी अधिक आहे, कारण त्याने नकाशावर हिरवा पट्टा उमटला. हंगाम चालतो तो मात्र पहिल्यावर.

वीज आणि नदी : दुसरा आक्षेप ऊर्जेचा आहे. खेळासाठी पाणी राखणे म्हणजे स्वच्छ वीज सोडून देणे, असे म्हटले जाते. याला उत्तर तर्काने देण्याची गरज उरलेली नाही, कारण 2001 साली समर्सव्हिलच्या पायथ्याशी 80 मेगावॉटचे वीजगृह झाले आणि हंगाम चालूच राहिला. पूर्वी पाणी पायथ्याच्या तीन प्रचंड झडपांमधून तोफेसारखे सुटायचे आणि त्या तुषारांत भिजतच राफ्ट पाण्यात उतरवले जायचे. ते दृश्य आता बरेचसे गेले, ही जुन्या मंडळींची तक्रार आहे. परंतु टर्बाइनमधून आलेले पाणी लगेच त्याच पात्रात परतते. तेव्हा वाद वीज हवी की नको असा कधीच नव्हता. पाणी पात्रात परत येते की पात्र टाळून जाते, हा होता. पात्र टाळून नेल्यावर काय होते हे पाहायला दूर जावे लागत नाही. गॉली ब्रिजजवळच न्यू नदीवर हॉक्स नेस्ट बोगदा आहे. 1930 मध्ये सुरू झालेला हा सुमारे तीन मैलांचा बोगदा युनियन कार्बाइडच्या उपकंपनीने आपल्या धातुकारखान्याच्या विजेसाठी खोदवला. सिलिकायुक्त खडक कोरडाच फोडला गेला, आणि बहुतांशी स्थलांतरित कृष्णवर्णीय असलेल्या कामगारांना सिलिकोसिस जडला. अमेरिकी काँग्रेसच्या 1936 च्या चौकशीत 476 मृत्यूंचा आकडा पुढे आला. 1986 मधील एका अभ्यासाने तो 764 पर्यंत नेला. युनियन कार्बाइड हे नाव भारतीय वाचकाला 1984 च्या भोपाळमुळे माहीत आहे. हॉक्स नेस्ट त्याआधी अर्धशतकाचे. नौकानयनाच्या दृष्टीने नोंदवायचे ते असे की, त्या बोगद्यामुळे न्यू नदीचा काही मैलांचा पट्टा एरवी ओकाबोका असतो आणि मोठा पूर आला तरच त्यातून पाणी धावते. गॉलीचा बोगदा झाला असता तर तिथेही हेच झाले असते.

परिसर : तिसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. ठरावीक दिवशी अचानक वाढणारा व उतरणारा प्रवाह नैसर्गिक नव्हे. धरण नसते तर नदी अधिक नदीसारखी असती, हे खरेच. मात्र पूर्णपणे अडवलेल्या नदीपेक्षा मधूनमधून धुवून निघणारी नदी बरी, याचीही काही चिन्हे आहेत. गॉली आणि मेडो यांच्या खडकाळ काठांवर व्हर्जिनिया स्पायरिया हे झुडूप आढळते. 1990 मध्ये ते संघीय संरक्षित यादीत आले. पुराने काठ खरवडला गेला तरच त्याला जागा मिळते, नाहीतर उंच झाडे त्याला झाकून टाकतात. शरदातला विसर्ग खऱ्या पुराची जागा घेतो असा दावा करता येणार नाही. तो अजिबात निरुपयोगी आहे असेही म्हणता येत नाही. जलाशयावरच्या लोकांची तक्रार, म्हणजे पाणी उतरल्यावर होड्यांचे उतार उघडे पडतात ही, तुलनेने सौम्य आहे, कारण विसर्ग कामगार दिनानंतर, म्हणजे त्यांच्या सुट्ट्या संपल्यावर सुरू होतो.

इतिहासस्थळे : वरच्या गॉलीच्या काठावर अमेरिकी यादवी युद्धातली कार्निफेक्स फेरीची लढाई 10 सप्टेंबर 1861 रोजी झाली, तिथे राज्य उद्यान आहे.

स्पर्धा : 2001 ची जागतिक राफ्टिंग अजिंक्यपद स्पर्धा गॉली व न्यू नद्यांवर झाली.

महाराष्ट्रातील तुलना : रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळ कुंडलिका नदीवर चालणारे राफ्टिंग याच तत्त्वावर उभे आहे. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे, म्हणजे मूळचे भीमा खोऱ्यातले, पाणी घाट उतरून टाटांच्या भिरा वीजगृहात येते आणि वीज करून झाल्यावर कुंडलिकेला मिळते. ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज पुण्या-मुंबईचे पर्यटक वल्ही मारतात, आणि कोलाडच्या माहितीपत्रकांत या इतिहासाचा सहसा उल्लेख नसतो. कुंडलिकेची प्रत दुसरी-तिसरी, गॉलीहून बरीच सौम्य. खरा फरक मात्र हमीत आहे. गॉलीवर नौकाक्रीडा हा धरणाचा कायदेशीर हेतू आहे, तर कुंडलिकेवर ती वीजनिर्मितीच्या मागून येणारी सोय आहे. त्यामुळे सकाळी विसर्ग झाला तरच राफ्ट निघतो.

वेळापत्रक व प्रवेश : विसर्गाचे दिवस अभियंता दलाचा हंटिंग्टन विभाग दरवर्षी जाहीर करतो, आणि पावसाच्या प्रमाणानुसार त्यात बदल होऊ शकतो. व्यावसायिक कंपन्यांना राज्याचा परवाना लागतो. स्वतःची होडी घेऊन येणाऱ्यांना लागत नाही.