नौलखा: किपलिंगचं व्हरमाँटमधलं घर नक्की कोणी बांधलं?

‘घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. रुडयार्ड किपलिंगने ही दोन्ही कामं पावणेदोन वर्षांच्या आत उरकली. जानेवारी १८९२ मध्ये त्याने लंडनमध्ये कॅरोलाइन बॅलेस्टिअर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं आणि ऑगस्ट १८९३ मध्ये हे जोडपं अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात स्वतःच्या नव्या लाकडी घरात राहायला गेलं. किपलिंगचा जन्म मुंबईचा, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक. त्यामुळे हा आपल्याला अर्धा ओळखीचा माणूस. पण घर बांधणारा किपलिंग फारसा कोणाला माहीत नसतो.

मी ज्या प्रश्नावर काम करतोय तो साधा आहे: एकोणिसाव्या शतकात परदेशात घर बांधणाऱ्यांनी पैसा आणि माणसं कशी जमवली? आर्किटेक्टचं नाव सगळीकडे मिळतं. इथेही मिळतं, न्यूयॉर्कचा हेन्री रटगर्स मार्शल. पण खरी गंमत त्याच्या खालच्या थरात असते, म्हणून आज हे एकच घर घेऊया.

सुरुवात पैशापासून करावी लागेल, कारण पैसा नव्हता. लग्नानंतर दोघं जगप्रवासाला निघाले. वाटेत व्हरमाँटला थांबून कॅरीच्या भावाची, बीटी बॅलेस्टिअरची, शेतजमीन पाहिली आणि त्यातला एक उताराचा तुकडा घ्यायचं ठरवून टाकलं. मग जपान. जून १८९२ मध्ये योकोहामाला किपलिंग बँकेत थोडे पैसे काढायला गेला. तिथला मॅनेजर म्हणाला, जास्त का नाही काढत? किपलिंग म्हणाला, एवढी रोकड जवळ नको, दुपारी परत येईन. दुपारपर्यंत बँकेने व्यवहार बंद केले होते. जवळपास सगळी शिल्लक गेली. (मॅनेजर बिचारा बँकेचं गुपित न फोडता जेवढं सुचवता येईल तेवढं सुचवत होता, हे किपलिंगला नंतर कळलं.) टॉमस कुकने पुढच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे परत केले, म्हणून तर ते माघारी येऊ शकले. कॅरी तेव्हा गरोदर होती.

म्हणजे ज्या घराला पुढे ‘नौलखा’ नाव पडलं, ते बांधायला निघालेल्या माणसाच्या खिशात जवळपास काहीच नव्हतं. हे नाव लाहोरच्या किल्ल्यातल्या नौलखा मंडपाचं, आणि कॅरीच्या दिवंगत भावाबरोबर, वुलकॉटबरोबर, किपलिंगने लिहिलेल्या कादंबरीचंही. कादंबरीच्या इंग्रजी नावात ‘एच’ आणि ‘के’ ही अक्षरं उलटी पडली होती. घराच्या नावात ती चूक सुधारली.

परत आल्यावर त्यांनी ब्लिस कॉटेज नावाचं एक छोटं घर महिना दहा डॉलर भाड्याने घेतलं. जुनी, मोठी शेगडी विकत आणून तळघरात ठेवली आणि गरम हवेच्या पत्र्याच्या नळ्यांसाठी जमिनीच्या फळ्यांना भोकं पाडली. आपण जळून कसे मेलो नाही, असं किपलिंगने नंतर लिहिलंय. थंडीत पाण्याची शिशाची नळी गोठायची. मग हा मेणबत्ती घेऊन ती वितळवायला बाहेर. डिसेंबर १८९२ मध्ये मुलगी झाली, तेव्हा पाळण्याला जागा नव्हती, म्हणून ट्रंकेतला वरचा कप्पा काढून त्यात तिला झोपवलं. किपलिंगची लिहायची खोली सात फूट बाय आठ फूट. बाहेर खिडकीच्या काठापर्यंत बर्फ. त्या खोलीत त्याने सिवनीच्या जंगलातल्या, लांडग्यांनी वाढवलेल्या एका पोराची गोष्ट सुरू केली. मोगलीचा जन्म असा बजेटमध्ये झालाय.

आणि मोगलीचा या बांधकामाशी थेट हिशेबाचा संबंध आहे. अमेरिकेत तोवर ब्रिटिश लेखकांची पुस्तकं सर्रास चोरून छापली जायची. १८९१ मध्ये अमेरिकेने परदेशी लेखकांना कॉपीराइट देणारा कायदा केला. अट अशी, की पुस्तक अमेरिकेत जुळवून छापलेलं हवं. त्यामुळे किपलिंगला अमेरिकन मासिकांचे आणि प्रकाशकांचे पैसे रीतसर मिळू लागले. मोगलीच्या आणि रिक्की-टिक्की-टावीच्या गोष्टी १८९३-९४ मध्ये ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात आल्या. वर्षभरापूर्वी सगळं गमावलेला माणूस घर बांधू शकला, यामागे हा कायदा मोठा आहे असं मला वाटतं. चरित्रांत तो जितका यायला हवा तितका येत नाही.

आता घर. ९० फूट लांब, ३० फूट रुंद, टेकडीच्या उतारावर आडवं टाकलेलं. मुख्य खोल्या पूर्वेकडे, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून. मागच्या, टेकडीच्या बाजूला येण्याजाण्याचा बोळ. किपलिंग त्याला जहाज म्हणायचा. एका टोकाला स्वयंपाकघर आणि भट्टी, म्हणजे जहाजाचं इंजिन. दुसऱ्या टोकाला त्याची अभ्यासिका. अभ्यासिकेत जायचं तर कॅरीच्या खोलीतूनच जावं लागे, म्हणजे भेटायला येणाऱ्यांची चाळणी आधीच व्हायची. लांबट आणि अरुंद घर बघून आपल्याला बंगला आठवतो, आणि ते उगाच नाही. लहानपण मुंबईत आणि तरुणपण लाहोर-अलाहाबादेत काढलेल्या माणसाला प्रत्येक खोलीत वारा आणि उजेड हवाच असणार.

जोतं दगडाचं, चुन्यात बांधलेलं आणि चांगलं उंच, स्कंक नावाचा तो दुर्गंधी सोडणारा प्राणी आत शिरू नये इतकं. त्यावर सगळं लाकूड. छपरावर आणि भिंतींवरही हाताने फोडलेली, फिकट हिरवी लाकडी कौलं, ज्यांना तिकडे शिंगल म्हणतात. न्यू इंग्लंडमध्ये जुन्या काळी घराचा सांगाडा म्हणजे जाडजूड खांब आणि तुळया, एकमेकांच्या खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी आवळलेल्या. असा सांगाडा उभा करायला अख्खं गाव लागायचं. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या वखारी आणि यंत्रावरचे स्वस्त खिळे आले, तसे जाड खांबांच्या जागी जवळजवळ लावलेले बारीक वासे आले. गाव गोळा करायची गरज संपली. एक सराईत टोळी पुरे.

पण टोळी कुठली? ‘स्थानिक मजूर’ हा शब्द आपण किती सहज वापरतो ते इथे बघा. १८८० च्या जनगणनेत व्हरमाँटची लोकसंख्या ३,३२,२८६ होती आणि १८९० मध्ये ३,३२,४२२. दहा वर्षांत वाढ १३६ माणसांची! तरुण मंडळी पश्चिमेकडे नाहीतर गिरण्यांकडे निघून गेली होती, डोंगरावरची शेतं ओस पडत होती. ती वसवायला राज्याने स्वीडनहून शेतकरी आणायची योजनाही काढली. त्याच काळात उत्तरेकडून, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून, फ्रेंच बोलणारी माणसं कामासाठी खाली उतरत होती. १८४० ते १९३० या काळात अशी सुमारे नऊ लाख माणसं अमेरिकेत आली. (नौ लाख! हा योगायोग मी जुळवलेला नाही.)

किपलिंगचं घर याच माणसांनी उभारलं. त्याने लिहिलंय, की क्वेबेकहून झां पिजन नऊ गडी घेऊन आला, त्यांनी जणू वीस मिनिटांत स्वतःला राहायला एक लाकडी खोपट ठोकलं आणि मग घराला हात घातला. इंग्रज मालक, अमेरिकन जमीन, कॅनडाचे सुतार. ‘स्थानिक’ यात फक्त लाकूड आणि दगड.

लाकूड मात्र भरपूर आणि स्वस्त होतं. आतल्या कामाला ॲश वापरू की चेरी, असं लोकांनी विचारलं तेव्हा किपलिंगने ॲश सांगितलं, आणि चेरी सोडल्याची हळहळ त्याला शेवटपर्यंत राहिली. उत्तम सुतारकाम तेव्हा थोड्या पैशांत मिळायचं, हेही तो मोकळेपणाने सांगतो. पैसा गळला तो पाण्यात. ग्रॅनाइटमध्ये तीनशे फूट खोल बोअर मारली आणि वर पवनचक्की बसवली. ती पाणी पुरेसं देईना आणि रात्रभर कुरकुरायची. शेवटी खालचे बोल्ट काढून, बैलांच्या दोन जोड्या जुंपून ती आडवी केली. पाडताना निम्मा खर्च वसूल झाल्याचं समाधान मिळालं म्हणे. घरापर्यंतच्या रस्त्याचा चढ कमी करायला सुरुंग लावले. त्यासाठी एक खुशालचेंडू प्लंबर डायनामाइटच्या कांड्या बग्गीच्या बैठकीखाली खडखडवत घेऊन आला होता.

एक माणूस या वर्णनातून निसटतो. देखरेख कोणी केली? गाडीवाले, माती काढणारे, सामान आणणारे कोणी ठरवले? कॅरीच्या भावाने, बीटीने. आपल्या भाषेत मुकादम. तो गावात लोकप्रिय, सढळ हाताचा, पिण्याचा शौकीन आणि कायम कर्जात. जागा त्याचीच होती, आसपासची माणसं त्याच्या ओळखीची होती. परक्याला गावात घर बांधायला असा माणूस लागतोच. त्याच्याशिवाय भाव कळत नाही, शब्द टाकता येत नाही. आणि तो घरचाच असला तर त्याची मजुरी कशी धरायची हे कोणालाच कळत नाही. पैशाच्या किल्ल्या कॅरीकडे. बीटीच्या बाजूने नंतर जे सांगितलं गेलं त्यात हाच सल दिसतो: मोठ्या भावाने धाकट्या बहिणीपुढे प्रत्येक वेळी पैशासाठी उभं राहायचं. मी इथे एक दुरुस्ती करतो, म्हणजे घाईत कोणी मला पकडू नये: कॅरी वयाने मोठी होती, बीटी धाकटा. त्यामुळे ते हात पसरणं त्याला कमी बोचलं असेल असं मात्र मला वाटत नाही. कॅरीच्या बाजूने बघाल तर उधळ्या भावाच्या हातात अख्खी रक्कम कोणती शहाणी बहीण देईल? बँक बुडून वर्षही झालं नव्हतं.

घर झालं, मुकादमी संपली, आणि बीटीची आवकही आटली. पुढे वाद पेटला तो गवतावरून. घरासमोरचं कुरण बीटीने नाममात्र किमतीत किपलिंगला दिलं होतं. समोरचा देखावा अडू नये हा हेतू, आणि गवत कापायचा हक्क बीटीकडेच. मग कॅरी तिथे बाग करणार अशी बातमी त्याच्या कानावर आली. १८९६ च्या सुरुवातीला बीटीचं दिवाळं निघालं. मे महिन्यात रस्त्यात गाठ पडली. किपलिंग सायकलवरून पडलेला, बीटी बग्गीत आणि संतापलेला. त्याने धमकी दिली, किपलिंगने तक्रार केली, बीटीला अटक झाली. ब्रॅटलबरोला सुनावणी झाली तेव्हा वार्ताहर लांबून आले. स्वतःच्या आयुष्याबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या किपलिंगला भर कोर्टात मेव्हण्याच्या पैशांबद्दल उत्तरं द्यावी लागली. उन्हाळा संपता संपता कुटुंबाने व्हरमाँट सोडलं. इतक्या कष्टाने बांधलेल्या घरात ते तीन वर्षं राहिले. किपलिंग तिथे परत कधीच आला नाही.

१९३७ मध्ये दोन पुस्तकं आली. एक फ्रेडरिक व्हॅन डी वॉटरचं, या भांडणाविषयी, बरंचसं बीटीच्या बाजूने. दुसरं किपलिंगचं आत्मचरित्र, त्याच्या मृत्यूनंतर छापलेलं. वर सांगितलेले घराचे बहुतेक तपशील मी त्यातूनच घेतलेत. त्यात झां पिजन नावानिशी आहे, त्याचे नऊ गडी आहेत, प्लंबर आहे, पवनचक्की आहे, स्कंकसुद्धा आहे. मेव्हणा नाही.