मूळ रंगाचा पाठ

जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना परका वाटण्याचा संभव आहे. परंतु अशा मोटारीच्या आतल्या भागाला, म्हणजे डॅशबोर्ड, दारांचे उघडे पत्रे, काचांभोवतीच्या चौकटी यांना, कारखान्यातून बाहेर पडताना नेमका कोणता रंग होता हा प्रश्न ज्या रीतीने सोडवला जातो, ती रीत आपल्या चांगल्याच परिचयाची आहे. मूळ वस्तू समोर असते आणि तरीही तिचा मूळ रंग समोर नसतो. त्याच्याविषयी साक्ष देणाऱ्या चार-पाच गोष्टी असतात. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आणि त्यांतून एक निवडताना निवडणाऱ्याला आपली कारणे द्यावी लागतात. पोथ्यांच्या बाबतीत यालाच आपण पाठचिकित्सा म्हणतो. म्हणूनच ह्या प्रश्नाकडे थोड्या सवडीने पाहावे असे आम्हांला वाटले.

आधी थोडा इतिहास. मोटारीला रंग लावण्याची पद्धत घोडागाडीकडून आलेली होती. व्हार्निशाचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. एका गाडीचे रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१४ ते १९२५ ह्या काळात काळ्याखेरीज दुसरा रंगच मिळत नसे, हे सर्वश्रुत आहे. १९२३ साली जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांवर ड्यू पाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरला आणि रंग वाळण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. रंग हा उत्पादनातील अडथळा न राहता विक्रीचे साधन बनला. १९२७ मध्ये त्याच कंपनीने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली 'आर्ट अँड कलर' असे नाव असलेला स्वतंत्र विभागच उघडला.

आतल्या भागाचा इतिहास याहून संकोची आहे. पूर्वीच्या गाड्यांत काचांभोवती आणि डॅशबोर्डला लाकूड असे. त्याच्या जागी दाबून घडवलेला पत्रा आला, तेव्हा १९३० च्या दशकातील अनेक गाड्यांत त्या पत्र्यावर लाकडाच्या रेषांची छपाई करण्यात आली. पत्र्याला पत्रा म्हणून समोर येण्याची जणू लाज वाटत होती. ही लाज युद्धोत्तर काळात गेली. १९५० च्या दशकात अमेरिकन गाडीच्या आतला पत्रा उघडपणे रंगू लागला आणि आसनांचे व्हायनिल, दारांची आवरणे, जमिनीवरचा गालिचा यांच्याशी तो जुळवला जाऊ लागला. मात्र हा काळ फार टिकला नाही. १९६८ पासून अमेरिकेत लागू झालेल्या सुरक्षा-नियमांमुळे प्रवाशाचे डोके जिथे आदळू शकते तिथे मऊ आवरण देणे आवश्यक झाले आणि रंगवलेला पत्रा हळूहळू आवरणाखाली गेला. आतल्या रंगाचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो ह्या मधल्या दीड-दोन दशकांतील गाड्यांच्या बाबतीत.

उदाहरण म्हणून १९६५ ची फोर्ड मस्टँग घेऊ. ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी लोकांसमोर आली आणि डिअरबॉर्न, सॅन होझे व मेटचन अशा तीन ठिकाणच्या कारखान्यांत तयार झाली. एकच ग्रंथ तीन लेखनशाळांत उतरवला जावा तसा हा प्रकार आहे. तिघींपुढे आदर्श एकच. पण हात निराळे, भट्ट्या निराळ्या, रंगाचे घाणही निराळे. कारखान्यात प्रत्येक रंगाची एक प्रमाण पट्टी असते आणि तिच्यापासून किती ढळलेले चालेल याची एक मर्यादा असते. म्हणजे 'मूळ रंग' हा जन्माच्या वेळीही एक बिंदू नव्हता, तो एक लहानसा प्रदेश होता. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली तर पुढचे पुष्कळ वाद शांत होतात.

पहिली साक्ष लेखी. मस्टँगच्या चालकाच्या बाजूच्या दारावर एक धातूची पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर बाहेरच्या रंगाचे अक्षर असते, आतल्या सजावटीचा आकडा असतो, तारीख असते. 'एम' हे अक्षर असेल तर बाहेरचा रंग 'विम्बल्डन व्हाइट'. परंतु आतल्या पत्र्याच्या रंगासाठी वेगळा रकाना पट्टीवर नाही. तो सजावटीच्या आकड्यावरून, तक्ते पाहून, अनुमानाने काढावा लागतो; आणि अनुमान नेहमी सरळ नसते. '४२' हा आकडा असलेल्या गाडीची आसने पांढरी, पण बाकीचे साहित्य निळे. आसने पाहून ज्याने डॅशबोर्ड पांढरा रंगवला त्याने वाचन केले, पण संदर्भ सोडून केले. शिवाय पोथीच्या पुष्पिकेसारखीच ही पट्टीही मूळ वस्तूपासून सुटू शकते. अपघातानंतर दार बदलले तर दुसऱ्याच गाडीची पट्टी ह्या गाडीच्या नावाने बोलू लागते. आणि नव्या पट्ट्या तर आता मागणीप्रमाणे घडवूनही मिळतात. पुष्पिकेवर विसंबून पोथीचा काळ ठरवणाऱ्याला जी सावधगिरी लागते, तीच इथे लागते.

दुसरी साक्ष रंगाच्या कंपन्यांची. डिट्झलर, ड्यू पाँ, रिन्शेड-मेसन अशा कंपन्या गॅरेजवाल्यांसाठी दरवर्षी रंगांच्या तुकड्यांची पत्रके काढीत. सोबत मिश्रणाचे क्रमांक असत. ही पत्रके आज मोठ्या आस्थेने जपली जातात. पण ती कारखान्याची नव्हेत, दुरुस्तीच्या बाजाराची आहेत: कारखान्यातला रंग भट्टीत भाजला जाई, गॅरेजातला हवेत वाळे, आणि पत्रकवाल्याने आपल्या साहित्यातून त्या रंगाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केलेला असे. थोडक्यात, पत्रक हे मूळ नव्हे, ते समकालीन भाषांतर आहे. त्यातच पत्रकावरचा तुकडाही साठ वर्षे जुना झालेला असतो, आणि मिश्रणात सांगितलेल्यांपैकी काही रंगद्रव्ये, विशेषतः शिशाची पिवळी व नारिंगी, वापरातून गेलेली असतात. कृती हाती आहे, पण तीतला जिन्नस बाजारात नाही, अशी ही अवस्था.

तिसरी साक्ष स्वतः गाडीची, आणि साहजिकच ती सर्वांत विश्वसनीय मानली जाते. डॅशबोर्डातला खण काढला, ॲशट्रे बाहेर घेतला, दाराचे आवरण उचलले, काचेभोवतीची चौकट उलटी केली की ऊन न लागलेला रंग दिसतो. कामात मुरलेला माणूस प्रथम तिकडेच जातो. परंतु ह्या साक्षीलाही उलटतपासणी हवी. झाकल्या जाणाऱ्या भागावर कारखान्यात रंगाचा फवारा पुष्कळदा ओझरता बसलेला असतो. त्याखालचा प्रायमर वर डोकावतो आणि रंगाची छटा बदलते. दुसरी अडचण अधिक विलक्षण आहे. उन्हाने रंग उडतो हे सर्वांना ठाऊक असते. पण वाळणाऱ्या तेलांपासून बनवलेले अल्किड इनॅमल अंधारात पिवळे पडते आणि उजेडात ठेवले की तो पिवळेपणा काही अंशी ओसरतो. उघड्यावरचा रंग फिका झालेला असतो, तर झाकलेला पिवळसर. दोन साक्षीदार दोन दिशांना ढळलेले, आणि मूळ कुठेतरी दोहोंच्या मधे. सर्वांत जुनी दिसणारी पोथी सर्वांत शुद्ध असेलच असे नाही, हा धडा आपण वर्गात शिकवतो. तो इथे पत्र्यावर लिहिलेला सापडतो.

छटा ठरली तरी काम संपत नाही. आतल्या रंगाची चमक बाहेरच्या रंगापेक्षा कमी ठेवलेली असते, विशेषतः डॅशबोर्डच्या वरच्या भागात, कारण त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून चालकाचे डोळे दिपतात. एकच निळा रंग चकचकीत लावला तर गडद वाटतो आणि मंद लावला तर फिकट. त्याखेरीज, जवळजवळ ठेवलेले पत्रा, व्हायनिल आणि प्लॅस्टिक यांतली रंगद्रव्ये वेगवेगळी असल्याने दुपारच्या उजेडात एकरूप दिसणारे दोन निळे रंग संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली एकमेकांपासून फुटतात. म्हणून जाणते रंगारी नमुना पाहताना तो किमान दोन प्रकारच्या उजेडांत पाहतात. वर्णपटमापक यंत्राने पृष्ठभागाचे आकडे अचूक मिळतात, पण यंत्र सांगते ते आजच्या पृष्ठभागाविषयी. साठ वर्षांपूर्वी तिथे काय होते हे त्या आकड्यांवरून माणसालाच ठरवावे लागते.

इथे पुण्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिचे संपादक वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपल्या कामाची मर्यादा स्पष्ट केली होती. व्यासांच्या मुखातून निघालेला ग्रंथ आपण देत आहोत असा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके जुने रूप, एवढेच त्यांनी सांगितले. जुन्या मोटारीच्या आतल्या रंगाविषयी प्रामाणिकपणे याहून अधिक म्हणता येत नाही. 'अगदी कारखान्यातल्यासारखा' हे विक्रेत्याचे वाक्य आहे. 'मिळालेल्या साक्षींवरून ठरवलेला' हे अभ्यासकाचे.

परंतु मोटार आणि महाभारत यांत एक भेद आहे, आणि खरी जोखीम तिथेच आहे. संपादकाने एखादा पाठ तळटीपेत टाकला तरी ती पोथी कपाटात शाबूत राहते. उद्या कोणी दुसरा येऊन निर्णय फिरवू शकतो. मोटारीच्या बाबतीत संपादन हे पोथीवरच केले जाते. पॉलिश पेपर फिरला, पत्रा उघडा पडला, त्यावर नवा प्रायमर आणि नवा रंग चढला की आधीचा साक्षीदार संपला. नवा रंग चुकीचा ठरला तरी तो चुकीचा आहे हे दाखवणारे काहीच उरत नाही. उलट पुढचा माणूस त्यालाच मूळ समजून त्याबरहुकूम दुसरी गाडी रंगवतो. प्रक्षेप संहितेत मुरतात ते याच मार्गाने. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी तीत नवी ओवी न घालण्याविषयी वाचकांना बजावले. हा इशारा वाचताना जाणवते की पाठाला मोठे भय निष्काळजी माणसापासून नसते. ते सुधारण्याच्या उत्साहापासून असते.

ह्या उत्साहाची चर्चा वास्तूंच्या संदर्भात फार पूर्वी झालेली आहे. पुनरुज्जीवन म्हणजे वास्तू अशा पूर्णावस्थेला नेणे की जी कदाचित कोणत्याही एका क्षणी अस्तित्वातच नव्हती, अशी व्याख्या व्हियोले-ल-द्युक यांनी एकोणिसाव्या शतकात केली होती. सर्व पत्रे एकसारखे निळे, सर्व व्हायनिल नवे, गालिच्याला एक डाग नाही अशी मस्टँग प्रदर्शनात उभी असते तेव्हा ह्या व्याख्येचा अर्थ डोळ्यांना कळतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद ह्याच्या उलट बाजूला झुकते: वस्तूच्या अंगावरील इतिहासाच्या खुणांना मान द्यावा, हस्तक्षेप कमीत कमी करावा आणि जे केले त्याची नोंद ठेवावी.

व्यवहारात याचा अर्थ फार साधा आहे. रंग काढण्यापूर्वी सर्व झाकलेल्या जागांची छायाचित्रे घ्यावीत. एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात हातभर नव्हे, बोटभर जुना रंग तसाच राहू द्यावा. थरांचा क्रम पाहण्यासाठी एक छोटी जागा हलक्या हाताने घासून वर्तुळे उघडी करावीत, म्हणजे प्रायमर, पहिला रंग, मागाहून चढवलेले रंग हे झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे दिसतात. निवडलेल्या रंगाचा एक पत्र्याचा तुकडा, त्याचे मिश्रण आणि ती निवड का केली याची चार वाक्ये गाडीसोबत ठेवावीत. ही चार वाक्येच पुढच्या माणसाची प्रस्तावना होतील.

रंग जुळवणे हे डोळ्याचे आणि हाताचे कौशल्य आहे यात शंका नाही. परंतु मूळ रंग कोणता हे ठरवणे वाचनाचे काम आहे, आणि प्रत्येक वाचनाप्रमाणे ते पुढच्या वाचकाला उत्तरदायी असते. तो बोटभर जुना रंग राखून ठेवायचा तो एवढ्यासाठी, की उद्या कोणाला आपल्याशी असहमत व्हायचे असेल तर त्याच्या हाती पुरावा असावा.