शिक्का नसलेली बॅट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये अडीच महिने धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत होतो, आणि शिरपूरला परत आल्या आल्या सोयाबीनच्या पेरणीची धांदल. "अमेरिकेबद्दल काहीतरी लिही" म्हणून जे मागे लागलेत त्यांची निराशा होणार आहे, कारण विषय बॅटचा आहे. तीही क्रिकेटची नाही, बेसबॉलची.

आपल्याकडे बेसबॉलची बॅट म्हटली की ती गाडीच्या सीटखाली ठेवायची वस्तू. मारामारीच्या बातमीत दिसते, मैदानावर क्वचितच. त्यामुळे भाचा बेसबॉल खेळतो हे ऐकलं होतं तरी त्यात एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं.

तर झालं असं. भाचा तेरा वर्षांचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या लीगमध्ये खेळतो. बॅटिंग करतोच, पण मुख्य म्हणजे पिचर आहे, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. शनिवारी सकाळी मॅच. आम्ही सगळे घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन हजर. मॅचच्या आधी पंच आले आणि दोन्ही संघांच्या बॅटी एकेक करून हातात घेऊन बघू लागले. फिरवायची, त्यावर छापलेलं वाचायचं, खाली ठेवायची. एक बॅट मात्र त्यांनी दोनदा फिरवली आणि कुंपणाला टेकवून ठेवली. आमचीच होती ती.

ही बॅट भाच्याला त्याच्या चुलतभावाकडून मिळालेली. २०१६ साली घेतलेली, अॅल्युमिनियमची, चांगली महागडी. कुठे चीर नाही, पोचा नाही. पंचांचं म्हणणं एकच, हिच्यावर शिक्का नाही. भाच्याने दुसऱ्या मुलाची बॅट मागून घेतली आणि दोनदा बाद झाला. परत येताना गाडीत कोणी बोलेना. मग आमचे जावई म्हणाले, "एवढं काय असतं शिक्क्यात? बॅट तीच, मुलगा तोच." भावाच्या घरून आलेली वस्तू बाजूला काढली गेली हे त्यांना लागलं होतं, हे उघड होतं. मलाही त्यांचं पटलं, खरं सांगतो. एकाची वस्तू दुसऱ्याने वापरायची हीच तर आपली पद्धत. माझ्या आयुष्यातला पहिला नवा शर्ट मी कितवीत घातला ते विचारू नका.

पण मास्तरकीची खोड जात नाही. नियमपुस्तक दिसलं की वाचायचं. त्या रात्री झोप येईना, वेळेचा घोळ अजून चालूच होता, म्हणून बसलो वाचत. आणि मग दोन-तीन दिवस वाचतच राहिलो.

बेसबॉलमध्ये सुरुवातीला बॅटला काही धरबंध नव्हता. ज्याला जशी झेपेल तशी त्याने आणावी. १८५९ साली पहिल्यांदा जाडी ठरली, अडीच इंचांपेक्षा जास्त नको. १८६९ साली लांबी ठरली, ४२ इंच. मध्यंतरी एका बाजूने सपाट तासलेल्या बॅटी चालत, १८९३ मध्ये त्या गेल्या आणि बॅट गोलच हवी असं ठरलं. पण लाकूडच हवं की नको यावर कोणाचं भांडण होत नव्हतं, कारण दुसरं काही नव्हतंच. अॅल्युमिनियमच्या बॅटचं पेटंट १९२४ सालचं आहे, पण ते कागदावरच पडून राहिलं.

धातूची बॅट खरी मैदानात आली ती १९७० नंतर. कारण अगदी घरगुती आहे. लाकडी बॅट मोडते. शाळा-कॉलेजांना आणि पोरांच्या क्लबांना दर मोसमात नव्या बॅटींचा खर्च झेपेना. धातूची बॅट वर्षानुवर्षं टिकते, म्हणून १९७१ मध्ये लिटल लीगने तिला परवानगी दिली. ही लिटल लीग म्हणजे १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात सुरू झालेली लहान मुलांची स्पर्धा, आता जगभर पसरली आहे. १९७४ मध्ये कॉलेजांनीही धातू मान्य केला. मोठ्या पगारी खेळाडूंच्या मेजर लीगने मात्र लाकूड सोडलं नाही, आजही नाही.

काटकसरीसाठी आणलेल्या वस्तूचा दुसराच गुण निघाला. धातूची बॅट आतून पोकळ असते. चेंडू आदळला की तिचा पातळ पत्रा क्षणभर आत दबतो आणि उसळून चेंडूला परत ढकलतो. लाकडावर चेंडूच चपटा होतो आणि त्यात त्याचा बराच जोर वाया जातो. म्हणजे त्याच पोराने त्याच ताकदीने मारलं तरी धातूवरून चेंडू जास्त वेगाने सुटतो. शिवाय पोकळ असल्यामुळे बॅट हलकी, म्हणून फिरतेही जोरात. कारखानदारांना हे कळल्यावर ते थांबतील कशाला? पत्रा पातळ होत गेला, नवे मिश्रधातू आले, मग कार्बनच्या धाग्यांच्या बॅटी आल्या. त्या तर वापरून वापरून मऊ झाल्या की आणखीच उडवायला लागतात. १९९८ च्या कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना २१ विरुद्ध १४ धावांनी संपला. बेसबॉलमध्ये हा आकडा म्हणजे आपल्याकडे वीस षटकांत तीनशे व्हावेत तसा.

धावांचं एक वेळ सोडा. पिचर फलंदाजापासून साडेसाठ फुटांवर उभा असतो, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटर. चेंडू टाकताना तो आणखी पुढे झुकलेला असतो. आपली क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरच्या थोडी वर. २००३ मध्ये मॉन्टॅना राज्यात अठरा वर्षांच्या एका पिचरच्या डोक्याला अॅल्युमिनियमच्या बॅटवरून आलेला चेंडू लागला आणि तो गेला. त्यानंतर खटले झाले, आंदोलनं झाली. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराने हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटींवर बंदीच घातली. कारखानदार कोर्टात गेले, पण बंदी टिकली.

हे मी बहिणीला वाचून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. ती भांडी लावत होती. थांबली आणि म्हणाली, "दादा, आपला पोरगा तर पिचर आहे."

आणि खरंच, आम्ही तीन दिवस त्या बॅटच्या मुठीकडूनच विचार करत होतो. समोरच्या टोकाला कोण उभं असतं हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तशीच बॅट समोरच्या संघातल्या एखाद्या दांडग्या पोराच्या हातात असती तर?

शिक्क्याची गोष्ट इथून सुरू होते. बाकी देशाने धातू बंद केला नाही. त्यांनी मोजायचं ठरवलं. चेंडू बॅटवर आदळून किती वेगाने परततो याचं एक प्रमाण काढलं आणि त्याला ०.५० ची मर्यादा घातली, म्हणजे साधारण चांगल्या लाकडी बॅटइतकी. कॉलेजांत हा नियम २०११ ला आला, हायस्कूलमध्ये २०१२ ला. त्याखालच्या वयाच्या मुलांसाठी वेगळं माप आलं आणि १ जानेवारी २०१८ पासून 'यूएसए बेसबॉल' असा शिक्का असलेल्याच बॅटी चालतील असं ठरलं. त्याच्या आधीच्या बॅटी जुन्या मापाच्या, त्या एका तारखेत बाद. आमची २०१६ ची. तिने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, तारखेने तिला गाठलं एवढंच.

नियम वाचता वाचता एका ओळीशी मात्र मी थांबलो. एकाच अखंड लाकडाच्या बॅटला शिक्का लागत नाही! मला हसूच आलं. पन्नास वर्षं कारखाने, प्रयोगशाळा, खटले, शिक्के, आणि हे सगळं कशासाठी? तर धातूने लाकडासारखं वागावं यासाठी. लाकूड स्वतःच माप आहे, त्याला कोण शिक्का मारणार?

क्रिकेटने हे भांडण फार लवकर आणि फार थोडक्यात मिटवलं. १७७१ च्या सप्टेंबरात इंग्लंडात चर्टसीच्या संघातला व्हाइट नावाचा गडी हॅम्बल्डनविरुद्ध अख्ख्या विकेटइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. बॉलरने करावं काय? हॅम्बल्डनच्या लोकांनी लगेच कागद करून सह्या ठोकल्या, बॅटची रुंदी सव्वाचार इंच, वर नाही. आज अडीचशे वर्षांनीही तेच माप आहे, १०८ मिलिमीटर.

आमच्या शिरपुरातही असा एक व्हाइट होता. (हे शिरपूर म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन. नवीन वाचकांपैकी निम्म्यांना धुळ्याचं वाटतं.) आमच्या पहिल्या बॅटी म्हणजे आईची कपडे धुवायची मोगरी. मग गावातल्या सुताराने बाभळीची एक करून दिली, ती उचलायलाच दोघं लागायचे. एका पोराच्या घरी आरामशीन होती. तो एके दिवशी अशी फळी घेऊन आला की मागचे रचलेले दगड दिसेनात. गोंधळ झाला, रडारड झाली. शेवटी कंपासातली पंधरा सेंटिमीटरची पट्टी आडवी धरली. पट्टीपेक्षा रुंद ती बॅट बाद! हॅम्बल्डनचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. धाकटी तेव्हा फिल्डिंगला असायची आणि पट्टी तिचीच होती, असं ती अजून सांगते. असेलही.

धातूचा प्रश्न क्रिकेटमध्ये आला तेव्हा मी भाच्याच्याच वयाचा, तेरा वर्षांचा होतो. डिसेंबर १९७९, पर्थ. डेनिस लिली इंग्लंडविरुद्ध अॅल्युमिनियमची बॅट घेऊन खेळायला आला. चेंडू मारला की टणकन आवाज. इंग्लंडचा कप्तान ब्रेअर्लीने तक्रार केली की चेंडू खराब होतोय. पंच, दोन्ही कप्तान, सगळ्यांची वादावादी, खेळ थांबलेला, आणि शेवटी लिलीने बॅट चिडून लांब भिरकावली. आम्हाला पेपरातून हे कळलं तेव्हा आम्ही सगळे लिलीच्या बाजूने. कारण सरळ होतं, लोखंडाची बॅट मोडणार नाही! बाभळीच्या बॅटीची मूठ त्याच आठवड्यात उखडली होती. १९८० च्या नियमांत वाक्य आलं की बॅटचं पातं लाकडाचंच हवं. विषय संपला. पुढे लाकडातही लोकांनी जाड्या वाढवल्याच, म्हणून २०१७ मध्ये कडा ४० आणि जाडी ६७ मिलिमीटरवर बांधावी लागली, आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये तर पंच मैदानातच साच्यातून बॅट सरकवून बघताना तुम्हीही पाहिले असतील. पण लाकूड ते लाकूडच.

असो. विषयांतर पुरे, बॅट घ्यायची राहिली.

पुढच्या शनिवारी आम्ही दुकानात गेलो. मामाने भाच्याला घ्यायची, त्यामुळे पैसे माझे हे आधीच ठरवून टाकलं होतं, जावई दारातच राहिले. तिथे नवाच हिशेब निघाला. बॅटची लांबी इंचात, वजन औंसात, आणि दोघांतली वजाबाकी म्हणजे 'ड्रॉप'. ३१ इंची बॅट २१ औंसांची असेल तर उणे दहा, म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. हायस्कूलमध्ये उणे तीनपेक्षा हलकी चालत नाही, तिथे तीच ३१ इंची २८ औंसांची, जवळजवळ आठशे ग्रॅम. आमचा मुलगा मधल्या वयात अडकलेला. हलकी शिक्क्याची घेतली तर आत्ता सुखाने फिरवेल, पण वर्षा-दोन वर्षांत हायस्कूलमध्ये ती बाद. जड हायस्कूलवाली घेतली तर आत्ता मनगटं भरून येणार. मी वाणसामान घेतो तसा उभा राहून विचार करत होतो आणि पोरगा एका चकचकीत निळ्या बॅटवरून हात फिरवत होता.

मी लाकडी सुचवली. मेपलची. शिक्क्याची भानगड नाही, हायस्कूलमध्येही चालेल, आणि किंमत निळीच्या निम्म्याहून कमी. किमतीमुळे सुचवली असं त्याला वाटू नये म्हणून मी निळीही घेऊ म्हणालो. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, वुडवर नीट मिडल झालं नाही तर हात झिणझिणतात." मला बाभूळ आठवली. म्हटलं, "झिणझिणू दे, म्हणजे नीट लागलं की कळेल." हे मी मास्तर म्हणून बोललो, मामा म्हणून बोललो नाही, हे आता कळतंय. पण त्याने लाकडी घेतली.

पहिल्या मॅचला पंचांनी ती उचलली, बोट फिरवून चीर आहे का बघितली आणि ठेवून दिली. त्या दिवशी त्याने एक छान मारलाही. टणक आवाज नाही, आपला ओळखीचा लाकडाचा ठोका. कुंपणापलीकडे एक आजोबा बसले होते, त्यांनी मान वर करून बघितलं.

मी निघालो त्याच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. आतल्या बाजूला आलेला चेंडू मुठीजवळ लागला आणि बॅट मधोमध फाटली. फोटोत दोन तुकडे हातात धरून हसतोय. ज्या खर्चासाठी १९७० मध्ये धातू आणला, तोच खर्च माझ्या दारात. बहीण म्हणाली, "दादा, आता ती निळी घेऊन टाकते, शिक्का आहे तिच्यावर." मी हो म्हटलं. समोरच्या पोरांच्या बॅटी पंच बघतातच ना, हे मात्र तिला पुन्हा एकदा विचारून घेतलं.

जुनी २०१६ ची बॅट जावयांनी गॅरेजमध्ये ठेवलीय. आणि आईची मोगरी आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत अजून आहे. काल मोजली, नऊ सेंटिमीटर भरली.