चांदणीचा वाद

बास्केटबॉलशी आयुष्याची पहिली त्र्याहत्तर वर्षे माझा काडीचाही संबंध नव्हता. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाचा तो नसतोच. सोलापूरच्या शाळेत मी खो-खो खेळलो, तोही बहुतेक वेळा कडेला बसून. पण २०२० साली शिकागोजवळच्या एका उपनगरात मुलाच्या घरी आम्ही उभयता नऊ महिने अडकून पडलो आणि त्या घरात रोज संध्याकाळी एकच धर्मयुद्ध पेटायचे: मायकेल जॉर्डन थोर की लेब्रॉन जेम्स थोर?

आम्ही गेलो होतो फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. बरोबर मेतकूट, शेंगाचटणी आणि परतीचे तिकीट होते. मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली. मेतकूट एप्रिलमध्ये संपले, चटणी मे महिन्यात संपली आणि परतीच्या तिकिटाचा मी पुस्तकात खूण म्हणून उपयोग करू लागलो. पुढे काही विमाने सुटली, पण मुलाने आमच्या वयाचा असा काही पाढा वाचला की आम्ही विमानाऐवजी स्वर्गाचेच तिकीट मागतो आहोत असे वाटावे.

युद्धातले पक्ष सांगतो. मुलगा जॉर्डनचा. तो १९९७ साली शिकायला शिकागोत उतरला, तेव्हा त्याच्याकडे एक सूटकेस होती आणि त्या शहराकडे जॉर्डन होता. सहा जणांत एक दूरदर्शन संच आणि त्यावर शिकागो बुल्सचा १९९८चा विजय! परक्या गावात आपले असे त्याला पहिल्यांदा काही मिळाले ते हे. त्यामुळे जॉर्डनला कोणी नावे ठेवली की त्याला आपल्या उमेदवारीच्या दिवसांनाच नावे ठेवल्यासारखे होते. नातू चौदा वर्षांचा, जन्म शिकागोचा, पण भक्ती लेब्रॉनवर. बापाचे दैवत मुलाने मानायचे नाही, हा नियम सातासमुद्रापलीकडेही लागू असतो.

"सहा वेळा अंतिम फेरी, सहा वेळा विजेता आणि सहाही वेळा त्या फेरीतला सर्वोत्तम खेळाडू! बोल पुढे," मुलगा म्हणायचा.

"पण लेब्रॉन पस्तिसाव्या वर्षीही पळतोय, बाबा! तुम्ही पस्तिसाव्या वर्षी जिना चढताना थांबायचात, आईनं सांगितलंय."

मी निवृत्त हिशेबतपासनीस. दोन बाजू भांडताना दिसल्या की माझा हात आपोआप वहीकडे जातो. मी म्हटले, "आधी कागदपत्रं आणा." नातवाने ती एका मिनिटात संगणकावर काढून दिली आणि मी निवाडा द्यायला बसलो. दोन दिवसांत माझ्या लक्षात आले, की या खात्यात शेऱ्यावाचून एकही आकडा नाही.

बिल रसेल घ्या. बोस्टन सेल्टिक्सकडून तेरा मोसमांत अकरा विजेतेपदे. जॉर्डनच्या जवळजवळ दुप्पट! पण तो आला तेव्हा लीगमध्ये संघच होते आठ. विल्ट चेंबरलेन घ्या. २ मार्च १९६२ रोजी हर्शी नावाच्या चॉकलेटच्या गावात त्याने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. पाहायला माणसे होती ४,१२४ आणि दूरदर्शनचा कॅमेरा एकही नाही! पुरावा म्हणजे धावफलक, आणि हातात '१००' लिहिलेला कागद धरून काढलेला एक फोटो. त्याहून मागे गेलो तर १९५० सालचा एक सामना सापडला, त्याचा निकाल १९ विरुद्ध १८. फोर्ट वेनच्या संघाने चेंडू हातात धरून नुसती वेळ काढली आणि मिनिॲपोलिस लेकर्सला त्यांच्याच घरी हरवले. असल्या खेळाला कंटाळूनच १९५४ साली चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे असा नियम आला. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळू लागले ते १९७९पासून. म्हणजे दर पिढीचा तराजू निराळा. मी निवाडा बेमुदत तहकूब केला.

तोवर त्या वर्षाचा मोसम केव्हाच थांबला होता. ९ मार्चला यूटा जॅझचा रूडी गोबेर पत्रकारांसमोरून उठताना गमतीने टेबलावरच्या सगळ्या मायक्रोफोनना हात लावून गेला. ११ मार्चला त्यालाच कोविड झाल्याचे निष्पन्न झाले. ओक्लाहोमा सिटीतला सामना सुरू व्हायच्या बेतात होता. खेळाडू परत गेले, प्रेक्षकांना घरी पाठवले आणि त्याच रात्री एनबीएने सारी स्पर्धा स्थगित केली. पुढे एप्रिल-मे महिन्यांत जॉर्डनवरचा दहा भागांचा माहितीपट लागला आणि आमच्याकडे सत्तापालट झाला. दर रविवारी मुलगा सोफ्यावर राज्याभिषेकाला बसल्यासारखा बसायचा आणि नातू खोलीत अज्ञातवासात जायचा.

जुलैअखेरीस खेळ पुन्हा सुरू झाला तो फ्लॉरिडात, डिस्नेच्या आवारात. तीसपैकी बावीस संघांना तिथे नेऊन बाहेरच्या जगाशी संबंध तोडला. रोज तपासणी, बाहेर पाऊल टाकायचे नाही आणि कित्येक आठवडे बायकामुलांनाही आत प्रवेश नाही. प्रेक्षक कोणीच नाहीत, भोवती मोठमोठे पडदे, त्यावर आपापल्या घरी बसून टाळ्या वाजवणारी माणसे. ते पाहून सौ. म्हणाली, "आपण व्हिडिओवर घरच्यांशी बोलतो तसंच दिसतंय की! फक्त कुणी 'ऐकू येतंय का' असं ओरडत नाही."

ऑगस्टमध्ये आमची अक्का गेली. माझी थोरली बहीण, वय ब्याऐंशी. सोलापुरात सकाळचे अकरा वाजले होते, आमच्याकडे रात्रीचे साडेबारा. भाच्याने फोन धरला होता. चार माणसे, सगळ्यांची तोंडे बांधलेली आणि मधूनमधून थिजणारे चित्र. मी हात जोडले ते एका पडद्यापुढे. नातू झोपलेला नव्हता. तो येऊन शेजारी बसला, काही बोलला नाही. दिवसकार्यही तसेच फोनवरच झाले. मला मात्र राहून राहून वाटे, हे काही खरे नव्हे. मी गेलो नाही, म्हणजे ते झालेच नाही.

११ ऑक्टोबरला लॉस एंजलिस लेकर्सने मायामी हीटला सहाव्या सामन्यात हरवून विजेतेपद मिळवले. जानेवारीतच त्यांचा जुना नायक कोबी ब्रायंट मुलीसह हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला होता. हे लेकर्सचे सतरावे विजेतेपद, लेब्रॉनचे चौथे. नातू नाचत असतानाच मुलगा शांतपणे म्हणाला, "या वर्षाला चांदणी लावावी लागणार."

चांदणी म्हणजे आकड्याच्या डोक्यावर काढतात ती. खाली बारीक अक्षरांत खुलासा: प्रवास नाही, प्रेक्षक नाहीत, मोसम तुटलेला. डिस्नेच्या आवारातला, म्हणून 'मिकी माउसचं विजेतेपद' असेही कोणी कोणी म्हणत होते. नातवाचा चेहरा पडला.

"घरापासून तीन महिने लांब राहून दाखवा आणि मग बोला!" तो ओरडला. "उलट हे जास्त अवघड होतं!"

वही उघडणे भाग होते. चांदणीची मागणी जुनी आहे. १९९९ साली मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात मोसम ब्याऐंशीऐवजी पन्नास सामन्यांचाच झाला आणि सॅन अँटोनियो स्पर्स जिंकले. तेव्हा चांदणी हवी असे म्हणणारे होते खुद्द जॉर्डनचे गुरुजी, फिल जॅक्सन! स्पर्सनी पुढे आणखी चार विजेतेपदे मिळवली आणि चांदणी विरून गेली. पण माझा पुरावा त्याहून जुना होता, तो आइस हॉकीतला. १९१९ साली सिएटल आणि माँट्रियल यांच्यात स्टॅनली चषकाची अंतिम लढत चालू होती. पाच सामने झाले. दोन याचे, दोन त्याचे, एक बरोबरीत. आणि इन्फ्लुएंझाची साथ येऊन थडकली. माँट्रियलचे खेळाडू तापाने फणफणले. ते चषक सोडायला तयार होते, पण सिएटलच्या पीट मल्डून यांनी असा चषक घेण्यास नकार दिला. माँट्रियलचा जो हॉल पाच एप्रिलला वारला. पुढे त्या चषकावर दोन्ही संघांची नावे कोरली आणि खाली लिहिले, मालिका अपूर्ण.

"म्हणजे संपलं नाही ते अपूर्ण," मी म्हणालो. "संपलं ते पूर्ण. ऑडिटला यापेक्षा जास्त कळत नाही."

"मग आपलं लग्न कशात धरायचं?" आतून सौ.चा आवाज आला.

खुलासा करतो. आमचे लग्न १९७३च्या मे महिन्यातले, दुष्काळातले. रेशनवर लाल मिलो मिळायची, पाणी टँकरने यायचे. पंगत नाही, वरात नाही. चाळीस माणसे, पोहे आणि चहा. त्या न बसलेल्या पंगतीवरून सत्तेचाळीस वर्षे माझ्या लग्नाला चांदणी लागलेली आहे.

"तेव्हा मी रडत बसले होते," सौ. बाहेर येऊन म्हणाली. "तर अक्का म्हणाल्या, 'अगं, पंगत ही लोकांची. लग्न तुमचं. अक्षता पडल्या ना? मग झालं!'"

कोणीच काही बोलले नाही. मग नातू हळूच म्हणाला, "आजोबा, मग अक्काआजींचंही झालं ना? तुम्ही तर अख्खा वेळ होतात. मी बघितलं."

मुलाने दूरदर्शनचा आवाज बंद केला. "बरं," तो म्हणाला, "चांदणी नको. चौथं धरू. पण चार म्हणजे सहा नव्हेत!" आणि युद्ध पुन्हा सुरू झाले.

नोव्हेंबरात आम्ही परतलो. अक्काच्या वर्षश्राद्धाला बेताची का होईना, पंगत बसली, सौ.ने स्वतः वाढले. ८ फेब्रुवारी २०२३च्या सकाळी फोन वाजला. करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम लेब्रॉनने मोडल्याची वर्दी नातू देत होता. "आता द्या निकाल!" तो म्हणाला. मागून मुलाचा आवाज आला, "करीमच्या काळात बरीच वर्षं तीन गुणांचा नियमच नव्हता! लावा चांदणी!"

मी वही उघडली आणि निकाल पुन्हा तहकूब केला. तो एकदा दिला, तर दर आठवड्याला मला फोन कोण करणार?