जुनी कपाटं, नवी दारं

आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं आता छत्तीस वर्षांची झाली. दारं कुरकुरतात, सनमायकाच्या कडा सुटल्यात. घरात माणसं चार आणि मतं पाच! मुलगा म्हणतो, सगळं काढून मॉड्युलर करू. सुतार म्हणतो, नुसती दारं बदला. सूनबाईचं म्हणणं वेगळंच. "आई, दारांचं राहू दे, खालचे डबे काढताना कंबर मोडते त्याचं काहीतरी करा." आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कपाटांचाही इतिहास बघावासा वाटला.

आमच्या लहानपणी ओट्याखाली कपाट हा प्रकारच नव्हता. भिंतीत फडताळ आणि कोनाडे, तुळईला शिंकाळं, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, भांड्यांना मांडणी. दुधातुपासाठी जाळीचं कपाट आणि त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. चूल जमिनीवर, त्यामुळे रोजच्या वस्तू बसल्या जागी हाताला लागतील अशा. मग गॅस आला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कोलकात्यात झाली. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणून ओटा आला आणि बाई उभी राहिली. ओट्याखालच्या रिकाम्या जागेला आधी पडदा, मग कडप्प्याचे कप्पे, मग लाकडी दारं. बाई उभी झाली पण डबे खालीच राहिले! सूनबाईच्या कंबरेचं मूळ इथे आहे.

सनमायकाची गंमत सांगते. मायका म्हणजे अभ्रक. अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोघांनी रेझिनमध्ये भिजवलेले थर दाबून एक पत्रा तयार केला. विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायचा, म्हणून नाव फॉर्मायका. कंपनी १९१३ साली निघाली. विजेसाठी केलेली वस्तू पुढे टेबलांवर आणि कपाटांवर चढली. आपल्याकडे सनमायका हे एका ब्रँडचं नाव सगळ्याच लॅमिनेटला चिकटलं.

आता मॉड्युलरची आजी बघा. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्ट शहर नव्या वसाहती बांधत होतं. नगररचनेचे प्रमुख होते अर्न्स्ट माय. त्यांच्याकडच्या मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी जेमतेम साडेसहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब स्वयंपाकघर आखलं. आगगाडीतल्या छोट्या मुदपाकखान्याचा अभ्यास केला, बाईची पावलं मोजली. साखरेला ॲल्युमिनियमचे ओतायचे खण, पिठाला कीड लागू नये म्हणून ओक लाकडाचे खण, खिडकीशी बसून काम करायला टेबल आणि स्टूल. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. बाईंनी पुढे सांगितलं, की तोवर त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता!

पण तक्रारीही आल्या. एका वेळी एकच जण मावायची. खणांवर नावं कोरलेली, त्यामुळे घरच्या सवयीला जागा नाही. खालच्या खणांपर्यंत मुलांचे हात पोचायचे. पुढे नूतनीकरणात बहुतेक भंगारात गेली. आज त्यातली काही न्यूयॉर्क आणि लंडनच्या संग्रहालयांत जपून ठेवली आहेत.

यातून मी काय घेतलं? कपाट कसं दिसतं याआधी ते कोणाच्या उंचीचं आणि कोणाच्या हाताचं, हे ठरायला हवं. आमच्याकडे सकाळी सूनबाई, दुपारी मी आणि रात्री मुलगा कणीक मळतो. तिघांना उभं राहता आलं पाहिजे.

म्हणून सुताराला बोलावून आधी सांगाडा तपासला. आतून ठोकून, कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हर टोचून. सागवानी चौकटी ठणठणीत, वाळवी नाही. फक्त बेसिनखालची प्लायवूडची पेटी पाण्याने फुगलेली. ती काढायची, तिथे मरीन प्लाय. बाकीचा सांगाडा ठेवायचा. फुगलेला प्लाय रंगवून सावरत नाही आणि चांगला साग फेकून नवा प्लाय घेण्यात शहाणपण नाही. दारं नवी, बिजागऱ्या नव्या, आणि मुख्य म्हणजे ओट्याखालचे कप्पे काढून पुढे ओढायचे खण. जड डबे कंबरेच्या उंचीवर, वर्षातून दोनदा लागणारी पातेली अगदी वर.

मुलगा थोडा हिरमुसला, कारण चकचकीत फोटोतलं स्वयंपाकघर हुकलं. खर्चाचा आकडा पाहून मात्र गप्प बसला. रंग कोणता, यावर अजून एकमत नाही. ते काम सूनबाईवर सोपवलं आहे. यापुढे त्या ओट्याशी माझ्यापेक्षा जास्त वर्षं तिलाच उभं राहायचं आहे.