युद्धकाळातील मिशन आणि आपल्या नित्य प्रार्थना



महोत्सवाच्या अंकात देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, कोणत्या फादरांनी विहीर खोदविली, ह्या गोष्टी लिहिण्याची रीत आहे. ती हकीकत ह्याच अंकात अन्यत्र आलेली आहे. मला आज निराळ्या काळाविषयी लिहावयाचे आहे. आपल्या भागात देवळे होती, शाळा होत्या, ख्रिस्ती जन होते, परंतु मिस्सा अर्पावयास फादर मात्र उरले नव्हते, असा तो काळ होय. त्याची आठवण आपल्यापैकी फारच थोड्यांस असेल. तथापि त्याच्या खुणा आपण रोज तोंडाने उच्चारीत असतो.

आपल्या मुंबई व पुणे मिशनचा भार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन येशूसंघीय फादरांनी वाहिला. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली त्यांनीच स्थापिले. १८८६ साली पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा पहिले बिशप बायडरलिंडन हेही त्यांच्यापैकीच. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत, दुष्काळात आणि पटकीच्या साथीत, घोड्यावरून व बैलगाडीतून फिरून ज्यांनी आपल्या पूर्वजांस शुभवर्तमान सांगितले, तेही बहुतांशी ह्याच संघाचे होते. त्यांची मराठी ऐकून लोक हसत असत असे म्हणतात. परंतु ते शिकले, आणि त्यांच्याबरोबर आपणही शिकलो.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि ह्या साऱ्या व्यवस्थेचा आधारच ढासळला. काल ज्यांस 'फादर' म्हणून सलाम होत असे, ते आज सरकारच्या दप्तरी 'शत्रुराष्ट्राचे प्रजाजन' ठरले. जर्मन नागरिकांस स्थानबद्ध करण्यासाठी सरकारने छावणी उभारली ती अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. ज्या जिल्ह्यात हे फादर लोकांची मुक्ती व्हावी म्हणून आले, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी त्यांच्या देशबांधवांसाठी तारेचे कुंपण पडले. पुढे १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' ह्या जहाजाने जर्मन मिशनरी, कॅथलिक तसेच प्रॉटेस्टंट, मायदेशी रवाना करण्यात आले. पुण्याचे बिशप डोरिंग ह्यांस युद्धामुळे आपल्या धर्मप्रांतापासून दूर राहावे लागले. मुंबईचे आर्चबिशप युर्गन्स २८ सप्टेंबर १९१६ रोजी प्रभूच्या घरी गेले, आणि आर्चबिशप गुडियर ह्यांची नेमणूक होईपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९१९ पर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईचे आसन रिक्तच राहिले. मेंढरे होती, मेंढपाळ नव्हता.

मग ह्या काळात श्रद्धा टिकली कशी? ह्याचे श्रेय आपण नेहमी चुकीच्या दाराशी नेऊन ठेवतो. परदेशातून पैसा आला म्हणून ती टिकली नाही. युद्धात तो मार्गही आकुंचित झाला होता. जे थोडे धर्मगुरू मागे राहिले त्यांनी दुप्पट भार घेतला, हे खरेच. परंतु खेड्यात रोज संध्याकाळी लोकांस जमवून जपमाळ म्हणविणारा, मुलांस धर्मशिक्षण देणारा, मरणाऱ्याजवळ बसून पश्चात्तापाची प्रार्थना सांगणारा मनुष्य होता तो आपला मास्तर. कंदिलाच्या उजेडात शाळा चालविणाऱ्या ह्या गरीब मनुष्याचे चित्र आपल्या देवळांच्या भिंतींवर क्वचितच आढळते. बिशपांची चित्रे मात्र सर्वत्र आहेत.

ह्याच सुमारास रोमेत एक दुःखी पुरुष पेत्राच्या आसनावर बसला होता. ३ सप्टेंबर १९१४ रोजी, म्हणजे युद्ध पेटल्यावर महिन्याभरात, पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांची निवड झाली. दोन्ही बाजूंस त्यांची लेकरे होती आणि दोन्ही बाजू त्यांच्यावर रुष्ट होत्या. १ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी लढणाऱ्या राष्ट्रांस शांततेच्या अटी लिहून पाठविल्या. कोणी ऐकले नाही. राजांनी न ऐकलेल्या ह्या पोपमहाराजांचे म्हणणे भाविकांनी मात्र ऐकले, आणि ते आपण आजही म्हणत आहोत.

जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी शांततेसाठी सार्वत्रिक प्रार्थनेचा दिवस ठरविला: युरोपात ७ फेब्रुवारी आणि युरोपाबाहेर २१ मार्च. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी त्यांनी सर्व धर्मगुरूंस मृतांच्या स्मरणदिनी, म्हणजे २ नोव्हेंबरला, तीन मिस्सा अर्पिण्याची परवानगी दिली. स्पेन व पोर्तुगाल ह्यांच्या राज्यांत ही सवलत १७४८ पासून होती; आता ती अखिल ख्रिस्तसभेस मिळाली. कारण उघड होते. रणांगणावर तरुणांची प्रेते पडत होती, आणि त्यांच्यासाठी मिस्सा सांगावयास घरचे कोणी उरत नव्हते. शिवाय पूर्वजांनी मृतांच्या आत्म्यांसाठी ठेवलेली कित्येक दाने अनेक देशांत बुडाली होती. नंतर ५ मे १९१७ रोजी त्यांनी पवित्र मरियेच्या लितनीत 'शांतीची राणी' ही हाक घालावयास सांगितली. त्यानंतर आठच दिवसांनी, १३ मे रोजी, फातिमा येथे तीन मुलांस पवित्र मातेचे दर्शन घडले. माळ संपल्यावर डोळ्यांवर झापड येत असता आपण जी लितनी घाईने म्हणून टाकतो, तिच्यातील ती एक हाक अशा रीतीने तोफांच्या आवाजात जन्मास आली आहे.

युद्ध संपले, तरी मिशनांचे दुखणे संपले नाही. व्हर्साय येथील तहाच्या ४३८ व्या कलमान्वये जर्मन मिशनांची मालमत्ता त्याच पंथाच्या विश्वस्तांकडे सोपवावयाची ठरली. कॅथलिक मिशनांची मालमत्ता कोणा एका राष्ट्राची नसून ती पवित्र आसनाच्या अधिकाराखाली आहे, हे मांडण्यासाठी आर्चबिशप चेरेत्ती ह्यांस १९१९ साली पॅरिसला जावे लागले. मालमत्तेचा प्रश्न वकिली रीतीने सुटला. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वकिलाने सुटणारा नव्हता. फादरांचा देश युद्धात पडला की मिशन पडते, हे मिशन मग कोणाचे? ३० नोव्हेंबर १९१९ रोजी पोप बेनेडिक्ट ह्यांनी 'माक्सिमुम इल्लुद' हे पत्र लिहून ह्याचे उत्तर दिले. स्वराष्ट्राचे हित मनात धरून प्रचार करणाऱ्या मिशनऱ्यांचा त्यांनी कडक निषेध केला, आणि प्रत्येक देशात तेथल्याच मातीतले धर्मगुरू पूर्ण शिक्षण देऊन, दुय्यम चाकर म्हणून नव्हे, तर कारभार सांभाळण्यास योग्य म्हणून तयार करावे, असे बजाविले. परकीय सरकारास दोष देणे सोपे होते. पोपमहाराजांनी प्रथम स्वतःचे घर झाडले, आणि माझ्या मते ह्यातच त्यांचे मोठेपण आहे. आपल्याकडे ह्या बीजास फळ येण्यास वेळ लागला: १९४९ साली पुण्यास आंद्रू आलेक्सिस डिसोझा हे भारतीय बिशप लाभले, १९५० साली मुंबईस आर्चबिशप वालेरियन ग्रेशियस लाभले, आणि १९५३ साली तेच पहिले भारतीय कार्डिनल झाले.

आता बिशप डोरिंग ह्यांचे पुढे काय झाले ते ऐका. ही कथा आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसावी. भारताचे दार त्यांच्यासाठी बंद होते, म्हणून त्यांस जपानला पाठविण्यात आले. गोव्याहून निघून १५४९ साली जपानला पोहोचलेल्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी जेथे उपदेश केला, त्या यामागुचीसह एक नवे मिशनक्षेत्र १९२३ साली निर्माण झाले आणि ते पुण्याच्या ह्या हद्दपार बिशपांकडे सोपविले गेले. त्या क्षेत्राचे नाव हिरोशिमा. १९२७ साली डोरिंग पुण्यास परत आले व १९४८ पर्यंत आपला धर्मप्रांत सांभाळीत राहिले. परंतु हिरोशिमात त्यांच्या मागे जर्मन येशूसंघीय फादर काम करीत राहिले.

दुसऱ्या महायुद्धात विपरीत घडले. ज्या जर्मनपणामुळे भारतातून घालविले गेले, त्याच जर्मनपणामुळे जपानात त्यांस राहू दिले गेले, कारण जर्मनी जपानचा मित्र होता. उलट स्पेनचे फादर पेद्रो आरूपे ह्यांस डिसेंबर १९४१ मध्ये यामागुचीत पोलिसांनी पकडून महिनाभर कोठडीत ठेविले. मात्र ख्रिस्तसभेने पहिल्या युद्धाचा धडा येथे गिरविला होता. १९४० च्या सुमारास जपानातील परदेशी बिशप आपल्या आसनांवरून बाजूस झाले आणि त्यांच्या जागी जपानी धर्मगुरू आले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला. स्फोटाच्या केंद्रापासून दीड किलोमीटरच्या आत असलेल्या नोबोरीचो येथील धर्मगुरूंच्या घरात लासाल, क्लाइनझोर्ग, शिफर व चिस्लिक असे चार फादर होते. ते वाचले. त्यांस ओरखडाही उठला नाही, अशी कथा आपल्या प्रार्थनासभांतून सांगितली जाते. भाविकहो, ती तशी सांगू नये. लासाल व शिफर काचांनी जखमी झाले, आणि क्लाइनझोर्ग तर पुढे आयुष्यभर किरणोत्साराच्या आजाराने रुग्णालयाच्या वाऱ्या करीत राहिले. जखमी असूनही ते लोकांस सोडून गेले नाहीत, हीच खरी साक्ष आहे; तिला चमत्काराचा मुलामा लागत नाही. शहराबाहेर नागात्सुका येथे फादर आरूपे नवशिक्यांचे गुरू होते. त्यांनी तरुणपणी वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. नवशिक्यांच्या मठाचे त्यांनी इस्पितळ केले व सुमारे दीडशे भाजलेल्या लोकांची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी पहाटे जमिनीवर निजलेल्या जखमींमध्ये उभे राहून त्यांनी मिस्सा अर्पिली.

९ ऑगस्टला नागासाकीची पाळी आली. उराकामी येथील धर्मग्रामात सुमारे बारा हजार कॅथलिक होते. त्यांपैकी साडेआठ हजार मृत्यू पावले. महापर्वापूर्वीचे पापनिवेदन ऐकत असलेले दोन धर्मगुरूही त्यांतच गेले. छळाच्या काळात अडीचशे वर्षे धर्मगुरूविना, केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ज्यांनी प्रार्थना जपल्या, त्यांचे हे वंशज होते. आपल्या मास्तरांची आणि त्यांची जात एकच.

फादर लासाल ह्यांच्या पुढाकाराने हिरोशिमात शांतीसाठी देऊळ उभे राहिले. ६ ऑगस्ट १९५४ रोजी त्याचा प्रतिष्ठाविधी झाला. त्याच्या घंटा जर्मनीतून देणगी म्हणून आल्या.

हे सर्व मी एवढ्या विस्ताराने का लिहिले? आपल्या प्रार्थनासभांतून 'जगात शांती नांदो' अशी मोघम विनंती होते, आणि तिच्यापाठोपाठ परीक्षेतील यशाची विनंती येते. मागणे मोघम असले म्हणजे मागणाराही लवकर विसरतो. गाझा शहरातील पवित्र कुटुंबाच्या एकमेव कॅथलिक धर्मग्रामास पोप फ्रान्सिस ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत जवळजवळ रोज रात्री दूरध्वनी करीत, आणि आज काय जेवलात असे विचारीत. १७ जुलै २०२५ रोजी त्याच देवळाच्या आवारात गोळा पडून तीन माणसे मृत्यू पावली. म्यानमारमधील लोईकाव येथील ख्रिस्तराजाचे कॅथीड्रल नोव्हेंबर २०२३ मध्ये सैन्याने ताब्यात घेतले आणि बिशपांस आपल्या लोकांबरोबर रानात आश्रय घ्यावा लागला. सुदानात १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध पेटले आणि खार्टूममधील धर्मभगिनी व धर्मगुरू पांगले. तेथेही कोणी मास्तर संध्याकाळी लोकांस जमवून माळ म्हणवीत असेल. त्याच्यासाठी आपण काय मागावे, हे आपल्या आजोबा-पणजोबांइतके कोणास ठाऊक असणार?

येत्या २ नोव्हेंबर रोजी आपल्या देवळात तीनही मिस्सा होतील. पहिलीसाठी आपापल्या मृतांची नावे आदल्या रविवारपर्यंत कचेरीत द्यावीत. दुसरी सर्व मृतांसाठी. तिसरी पोपमहाराजांच्या हेतूंसाठी असते, आणि ती पहाटे साडेपाचला असल्यामुळे तिला फारसे कोणी येत नाही. ह्या महोत्सवी वर्षी त्या मिस्सेपूर्वी गाझा, लोईकाव व खार्टूम ही नावे वाचली जातील आणि जुन्या मास्तरांची नावेही. ज्यांच्या घरी अशा मास्तरांची नावे ठाऊक असतील, त्यांनी ती स्पष्ट अक्षरांत लिहून द्यावीत. नोंदवह्यांत ती बहुधा नाहीत.